तूरडाळीची बातमी होत नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमृतसर येथील एका पत्रकार परिषदेत माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग बरा झाल्याचे जाहीर केले. त्याचे श्रेय देताना त्यांनी लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पाने, तुळस, साखरेचा त्याग आणि दोन जेवणांमधले दीर्घ अंतर अशी यादी सांगितली. चाळीस दिवसांचा हिशेबही मांडला. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती. देशभर फिरलेल्या चित्रफितींच्या तुकड्यांत मात्र हळद आणि कडुनिंबच उरले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी लगेच संयुक्त निवेदन काढले: या पदार्थांनी कर्करोग बरा होतो असा कोणताही भक्कम पुरावा नाही, लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जा, वेळेवर निदान झाले तर हा आजार बरा होऊ शकतो. त्यानंतर सिद्धू यांनीही खुलासा केला, की हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घेतला होता आणि तो उपचारांना साहाय्यक होता. खुलासा किती जणांपर्यंत पोहोचला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून बांधावा.

अशा कथेची किंमत कोण मोजते, हे आधी स्पष्ट असावे. सांगणारा ती मोजत नाही. ती मोजते छातीत लहानशी गाठ लागलेली आणि शस्त्रक्रियेच्या नावाने धास्तावलेली बाई. तिला ‘आधी चाळीस दिवस करून पाहू’ हा पर्याय मिळतो. तो स्वस्त असतो, घरचा असतो, ओळखीच्या वासाचा असतो, आणि त्या काळात गाठ वाढत राहते. तिचे चाळीस दिवस कोणत्याही पत्रकार परिषदेत येत नाहीत, कारण निष्फळ ठरलेल्या घरगुती उपचारांची पत्रकार परिषद कोणी घेत नाही. ज्या पद्धतीत फक्त यशस्वी माणसेच बोलू शकतात, तिथे प्रत्येक उपचार शंभर टक्के गुणकारी दिसतो. विज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही चूक ओळखता यावी.

वैज्ञानिकांचे उत्तर मात्र बहुधा ‘पुरावा नाही’ एवढ्यावर थांबते. ते बरोबर असले तरी अपुरे आहे. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातून एवढेच उरते, की या लोकांना स्वयंपाकघराचा तिटकारा आहे, आणि हा समज चमत्कार विकणाऱ्याच्या चांगलाच पथ्यावर पडतो. वास्तविक घरच्या साध्या जेवणाच्या बाजूने या देशात उभा राहिलेला पुरावा जगातल्या कोणत्याही औषध कंपनीला हेवा वाटावा असा आहे. त्यातला सर्वांत ठळक झारखंडमधून आला.

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठी चाचणी झाली. ‘राशन्स’ या नावाने ती ओळखली जाते. फुप्फुसाचा क्षयरोग झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतली १०,३४५ माणसे तीत सामील होती, बहुसंख्य आदिवासी. रुग्णांपैकी पाचांत चार कुपोषित होते. प्रश्न साधा होता. क्षयरोग्याच्या घरात राहणाऱ्या, त्याच्याच हवेत श्वास घेणाऱ्या माणसांना पुरेसे खायला दिले, तर त्यांच्यापैकी कमी जण आजारी पडतील का?

उत्तर शोधण्याची रीत महत्त्वाची आहे. सर्व रुग्णांना औषधांसोबत अन्नाचा शिधा मिळाला. त्यांना उपाशी ठेवून तुलना करणे अनैतिक ठरले असते. घरातल्या इतर माणसांबाबत मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. २८ क्षयरोग केंद्रांपैकी कोणत्या केंद्रांतील कुटुंबांना जादा शिधा जाईल, हे कुणाच्या मर्जीने नव्हे, तर यदृच्छेने ठरले. ज्यांच्या वाट्याला शिधा आला, त्यांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या मिळाल्या. दुर्मीळ वनौषधी किंवा हिमालयातली मुळी त्यात नव्हती. डाळ-भात होता, आणि तो त्या घरांतल्याच चुलीवर शिजला.

निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. पुढील काळात एकंदर २१८ जणांना नव्याने क्षयरोग झाला: शिधा न मिळालेल्या गटात १२२, मिळालेल्या गटात ९६. दुसरा गट संख्येने मोठा होता आणि प्रत्येकावर लक्ष ठेवलेला कालावधीही हिशेबात घ्यावा लागतो. तो धरता क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. इतरांना संसर्ग देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी. रुग्णांच्या बाबतीतही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. या शेवटच्या आकड्याबाबत सावध राहायला हवे, कारण ज्यांचे वजन वाढते त्यांचा आजार मुळातच सौम्य असू शकतो. घरातल्या माणसांबद्दलच्या आकड्याला ही शंका लागू होत नाही. यदृच्छेने केलेल्या विभागणीचे मोल ते हेच.

जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. त्या देशात डाळ-भाताने हा रोग चाळीसएक टक्क्यांनी रोखता येतो, असे सिद्ध झाले. किती वाहिन्यांनी त्यावर संध्याकाळची चर्चा ठेवली? ज्यांच्या तोंडी ‘अन्न हेच औषध’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा येते, त्या आहारगुरूंपैकी कितीजणांनी झारखंडचा उच्चार तरी केला? तूरडाळीवर कुणाचा ब्रँड उभा राहत नाही, हे एक कारण. दुसरे अधिक बोचरे आहे. त्या निष्कर्षातून सल्ला निघतो तो रुग्णासाठी नसून सरकारसाठी आहे: शिधा द्या. चमत्काराच्या कथेत मात्र सारी जबाबदारी रुग्णाच्या माथी जाते. बरा झाला तर हळदीमुळे, न झाला तर त्याने पथ्य नीट पाळले नाही.

आणि झारखंडमध्ये एकाही रुग्णाचे औषध बंद करून डाळ दिली गेली नाही, याचीही नोंद असावी. क्षयाचे जंतू मारायला रिफाम्पिसिन लागते. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी घडवायला प्रथिने लागतात. या दोन गोष्टींत भांडण लावण्याचा उद्योग फक्त जाहिरातींत चालतो.

दुसरे उदाहरण अधिक जुने आहे. १९७१ साली बांगलादेशातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधायला लावल्या, पाण्यात मिसळलेले ते द्रावण पिंपांतून वाटायला सुरुवात केली आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये महालनबीस गेले. पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

यात ‘नैसर्गिक’ म्हणावे असे सगळेच होते: पाणी, मीठ, साखर. तरीही हजारो वर्षे माणसे पटकीने मरत आली, कारण जीव वाचवणारी गोष्ट होती प्रमाण. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आत घेताना सोडियमचे दोन आयन सोबत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. पटकीत आतड्यातून पाण्याचा लोंढा बाहेर पडत असतानाही हे दार उघडेच असते. साखर फार कमी पडली तर ते पुरेसे चालत नाही. फार जास्त झाली तर परासरणाच्या नियमाने पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणून घरी करायचे असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. कोकणातली मिठाची पेजही इथे उपयोगी पडते. तांदळातला स्टार्च हळूहळू ग्लुकोज सोडतो आणि द्रावणाची तीव्रता एकदम वाढू देत नाही. पटकीत तांदळाच्या पिठाचे द्रावण चांगले काम करते, हे चाचण्यांनी दाखवले आहे. आजीला पेज ठाऊक होती. कधी, किती आणि का, हे प्रयोगशाळेने सांगितले. कुणी कुणाचा अपमान केला नाही.

हेच तीन अक्षरांचे नाव, ओआरएस, पुढे गोड पेयांच्या खोक्यांवर झळकू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट होती, आणि जुलाबाने सुकलेल्या लेकराला आई औषध समजून ते पाजत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध झगडा दिला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की सूत्रात न बसणाऱ्या पेयाच्या नावात, पुढेमागे काहीही जोडून, ओआरएस हा शब्द वापरता येणार नाही. खुद्द प्राधिकरणानेच २०२२ आणि २०२४ मध्ये तशी मुभा दिली होती, हे विसरू नये.

आता हळदीकडे. भाजीतली हळद निरुपद्रवी, चवीला आवश्यक आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती तिच्यावर लादलेल्या ओझ्याची. हळदीत कर्क्युमिन वजनाने जेमतेम दोन ते पाच टक्के. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि शोषले गेलेले यकृत झटपट मोडून टाकते. काचेच्या बशीतल्या कर्कपेशी ते मारते, हे खरे. बशीत त्या पुष्कळ गोष्टींनी मरतात. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात कर्क्युमिनवरील संशोधनाचा सविस्तर आढावा आला. तोवर १२०हून अधिक मानवी चाचण्या होऊन गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून, प्लासिबोशी तुलना करून निर्विवाद यश दाखवणारी एकही त्यात नव्हती. इतक्या चाचण्यांनंतर ‘अजून संशोधन व्हायला हवे’ म्हणणे ही विनम्रता राहत नाही.

शिवाय बाजारातली हळद निसर्गाने जशी दिली तशी असेलच, याचीही खात्री नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातील एका पाहणीत पाटण्याच्या बाजारातील हळदीत शिशाचे प्रमाण ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमहून जास्त आढळले. भारतात कायद्याने मर्यादा १० आहे. रंग उजळ दिसावा म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट चोळले जाते, हे त्यामागचे कारण. शिसे मुलांच्या मेंदूवर आघात करते आणि गेलेली बुद्धी परत आणणारे औषध नाही. ज्यांना हळदीविषयी इतका कळवळा आहे, त्यांनी एकदा तरी प्रत्येक जिल्ह्यात हळद तपासणीची यंत्रणा मागावी. हे आंदोलन मात्र कुणी केलेले नाही.

गुळवेलीची कथा अशीच. कोविडकाळात प्रतिकारशक्तीच्या नावाखाली तिचा काढा घरोघर उकळला जाऊ लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली आणि दुसऱ्याच वनस्पतीशी गल्लत झाल्याचे म्हटले. पुढच्याच वर्षी देशभरातील १३ केंद्रांवरून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. गुळवेल घेणारे कोट्यवधी असतील आणि बहुतेकांना काहीच झाले नसेल. तरी प्रतिकारशक्तीला उगाच डिवचणारे काही शरीरात गेले, तर ती स्वतःच्याच यकृतावर उलटू शकते, एवढे यातून दिसते. धोतरा, कण्हेर आणि बचनागही निसर्गाचेच लेकरे आहेत. विशेषण म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दाला रसायनशास्त्रात काही अर्थ नाही. मिठाचेच घ्या. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मिठात बाहेरून आयोडीन मिसळले की गलगंड ओसरतो. आज तेच मिसळलेले मीठ ‘कृत्रिम’ ठरवून त्याजागी दामदुप्पट किमतीचे, आयोडीन न मिसळलेले सैंधव आणले जाते. दोन्हींत मुख्य घटक सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला रंग कळत नाही.

मधुमेहाबाबत तर फसवणूक अधिक सभ्य भाषेत चालते. आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांना सांगितले जाते: साखर सोडा, गूळ खा, भात सोडा, भरडधान्ये खा. गुळातही मुख्यत्वे सुक्रोजच असते. आणि २०२५ मध्ये त्याच पाहणीच्या आहारविषयक विश्लेषणातून निघालेला निष्कर्ष ‘श्री अन्न’वाल्यांना रुचणारा नाही: भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढीच गव्हाची वा भरडधान्याची भाकरी-पोळी आणल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा काढून तिथे डाळी वा दूधदुभत्यातली प्रथिने आणली, तर तो कमी दिसतो. म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्यांपेक्षा एक भाकरी आणि आमटीची जादा वाटी. पुन्हा डाळच.

स्वयंपाकघरात खरे रसायनशास्त्र भरपूर आहे, त्याला खोट्याची गरज नाही. पोह्यांवर पिळलेले लिंबू लोह शोषले जाण्याजोगे करते, त्यावर लगेच घेतलेला चहा ते अडवतो. इडलीचे पीठ किंवा नाचणीची आंबील आंबताना फायटेट मोडतात आणि धान्यात अडकलेली खनिजे मोकळी होतात. १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया ज्या देशात रक्तक्षयाने ग्रस्त आहेत, तिथे या तीन वाक्यांची चित्रफीत व्हायला हवी होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जी १७ आहारतत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत असे बरेच आहे, आणि देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के चुकीच्या आहाराशी जोडलेला असल्याचा अंदाजही आहे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, हे त्यातले एक. भारतीय सरासरी ८ ग्रॅम खातात.

परंपरेचा अपमान होतो, असा आक्षेप येईल. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते आव्हान दिले आणि १९९७ मध्ये रद्द करवले. ती लढाई भावनेने जिंकली नव्हती. जुने ग्रंथ आणि छापील निबंध दाखल करून, म्हणजे पुराव्याने जिंकली होती. औषध कंपन्याही खोटे बोलतात, हा दुसरा आक्षेप. बोलतात, आणि तो खोटेपणाही नियंत्रित चाचण्या आणि न्यायालये यांमुळेच उघडा पडला आहे. कर्करोग किंवा मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी आवश्यक करणारा नियम १७० मात्र आयुष मंत्रालयाने जुलै २०२४ मध्ये वगळला. सर्वोच्च न्यायालयाने दिलेली स्थगितीही वर्षभराने प्रकरण मिटताना उठली. आणि कसलीही बाटली न विकता केलेला दावा तर कोणत्याच नियमात बसत नाही.

एक गोष्ट आहारगुरू आणि पोषणशास्त्रज्ञ दोघेही टाळतात. ‘घरी ताजे रांधा’ हा सल्ला ज्याला दिला जातो, तो क्वचितच ओट्याशी उभा असतो. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, करणारे पुरुष ८८. डाळ भिजवायला, पीठ आंबवायला, भाकरी थापायला लागणारा वेळ कुणाच्या आयुष्यातून वजा होणार, हे न सांगता दिलेला आरोग्यसल्ला अर्धवट आहे.

क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. ती रुग्णाच्या खात्यात जाते. झारखंडच्या चाचणीने ज्यांच्याविषयी उत्तर दिले, ती त्याच्या घरातली माणसे त्या रकमेच्या हिशेबात नाहीत. माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, सहा महिने, एवढाच तो शिधा होता.